पाळकाचं घर कोण सांभाळतं?

मराठीत ख्रिस्ती पाळकावर लिहिलेलं सगळ्यात चांगलं पुस्तक कुठल्याही पाळकाच्या हातून उतरलेलं नाही. ते त्याच्या बायकोनं लिहिलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. आपल्यापैकी बहुतेकांना ते शाळेच्या उताऱ्यांतून नाहीतर आईच्या कपाटातून भेटलेलं असतं, आणि लक्षात राहते ती त्यातली गंमत: तापट, भोळा, हातात पैसा न टिकणारा कवी नवरा आणि त्याला पुरून उरलेली बायको. माझं म्हणणं असं की गंमतीच्या नादात आपण या पुस्तकाचा मुख्य विषयच बाजूला ठेवतो. पाळक होणं म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा तो विषय. आणि या पुस्तकातली खरी पाळक रेव्हरंड नारायण वामन टिळक नाहीत, लक्ष्मीबाई आहेत.

आधी शब्द पाहू. चर्चमधल्या माणसाला आपण सर्रास ‘पाद्री’ म्हणतो, पण प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधला रोजचा शब्द ‘पाळक’ आहे. मेंढरं पाळणारा, तसा माणसं पाळणारा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातला फरक सांगतो: लांडगा आला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा पुढारी कसा असावा याची यादी आहे. ती यादी एखाद्या नोकरीच्या जाहिरातीसारखी वाचून बघा. कौशल्य म्हणावं असं त्यात जवळजवळ एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळा स्वभाव: तापट नको, पैशाचा लोभी नको, पाहुण्याला दार उघडणारा हवा आणि स्वतःचं घर नीट चालवणारा हवा. भाषण कसं असावं, गर्दी किती जमावी, यावर एक शब्द नाही.

या यादीसमोर टिळकांना उभं केलं तर निकाल सरळ लागत नाही, आणि तिथूनच पुस्तक रंगायला लागतं.

टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. पुढे ते नागपुरात राहिले, तिथून राजनांदगावला गेले. १८९३च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०४मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी नगरला वर्षानुवर्षं काम केलं, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं, ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. तुकारामाच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. १९१७मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९मध्ये ते गेले.

मिशन सोडण्याचा हा निर्णय योहानाच्या त्या अध्यायाशेजारी ठेवून वाचला तर कळतो. पगारी मोलकरी व्हायचं नाही, हा टिळकांचा आग्रह होता आणि तो खरा होता. पण पगार थांबला तरी चूल थांबत नाही. इथे ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला व्यासपीठामागच्या खोलीत नेतं. नवऱ्यानं देवासाठी सोडलेल्या रुपयांचा हिशेब तिथे बायको मनातल्या मनात मांडत असते. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं टिळकांच्या स्वभावात नव्हतं, आणि आलेल्या माणसाच्या पानात काय वाढायचं हे बघणं त्यांच्या कामात नव्हतं. देणारा एक आणि पुरवणारी दुसरी.

पुरवणारी ही बाई आली कुठून, ते विसरू नका. पुस्तकाची सुरुवातच लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यानं होते. ते इतकं टोकाचं की वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, माणसाचा स्पर्श म्हणजे संकट. त्या घरातून मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना लग्न होऊन टिळकांकडे येते. पंधराएक वर्षांनी नवरा तिला न सांगता धर्म बदलतो. ती काही वर्षं त्याच्यापासून वेगळी राहते, पंढरपूरला राहते. परत येते तेव्हाही तिचं पाणी वेगळं आणि चूल वेगळी. मग बाप्तिस्म्याच्याही आधी एक दिवस असा येतो की जात ही माणसानं केलेली गोष्ट आहे हे तिला आतून पटतं, आणि ती कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागते. यात कुणी तिला जिंकलेलं नाही. तिनं स्वतः, स्वतःच्या वेळेनं, एक दार उघडलं.

पुस्तकाची घडण मला इथे दिसते. ते बंद दारापासून सुरू होतं आणि उघड्या दारापर्यंत जातं. शेवटाकडच्या लक्ष्मीबाईंच्या घरात अनाथ मुलं वाढतात, आजारी माणसं येतात, कवी मुक्काम ठोकतात. बालकवी ठोमरे नगरला याच घरात राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कुणी घराबाहेरही काढलं नाही. ज्या बाईच्या माहेरी माणसाचा विटाळ होता, तिच्या घरात माणूस कुठल्या धर्माचा हे न विचारता पान वाढलं जातं. पौलाच्या यादीतलं ‘पाहुण्याला दार उघडणारा’ हे वाक्य त्या घरात तिनं जगून दाखवलं. स्त्रीला पाळकाची दीक्षा मिळण्याचा तो काळ नव्हता. पण दीक्षा नसली तरी काम तेच होतं.

माझ्या नोकरीत ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवडाभर फोन उशाशी ठेवायचा, रात्री सर्व्हर पडला की उठायचं, तिकीट बंद केलं की झोपायचं, आणि पुढच्या सोमवारी फोन सहकाऱ्याकडे. पाळकाच्या घरातला फोन कुणाकडे जात नाही. तिथली तिकिटंही बंद होत नाहीत, कारण विधवेचं एकटेपण किंवा पोरक्या मुलाची भीती दुरुस्त करून परत देता येत नाही. त्यांच्याजवळ राहता येतं, एवढंच.

आता तक्रार. लक्ष्मीबाई नवऱ्याला फार लवकर माफ करतात, आणि ते हसून करतात. त्यांचा विनोद इतका निर्मळ आहे की आपणही त्यांच्यासोबत हसतो आणि पुढे जातो. मी दुसऱ्यांदा वाचताना थांबलो. बायकोला न विचारता घेतलेला बाप्तिस्मा, न विचारता सोडलेला पगार, संतापाचे झटके, या गोष्टी एखाद्या सामान्य कारकुनानं केल्या असत्या तर आपण त्याला काय म्हटलं असतं? ‘देवाचं काम’ हे शब्द जोडले की घरातल्यांचं दुःख आपोआप लहान होतं. लक्ष्मीबाई ते लहान करतात, पण लपवत नाहीत. सगळा पुरावा त्यांनी पानावर ठेवला आहे. हसायचं की थांबायचं हे वाचकानं ठरवायचं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये मोठा भाग महार आणि मांग समाजातून आलेल्या लोकांचा होता. टिळकांनी ज्यांची सेवा केली ते हेच. पण पुस्तकात ते बहुतेक वेळा दारात येतात, मदत घेतात आणि जातात. पाळकाचं मन आपल्याला कळतं, पाळकाच्या बायकोचं त्याहून जास्त कळतं, पण मेंढरू म्हणून ज्याला मोजलं त्याला काय वाटत होतं ते कळत नाही. दार उघडणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक दाराबाहेर उभं राहिलेल्याचं पुस्तक होऊ शकत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवून वाचलं तर पुस्तक लहान होत नाही, आपलं वाचन मात्र नीट होतं.

हे सगळं मला नगरपेक्षा वऱ्हाडात बसून जास्त समजलं. मी चांदूर बाजारचा. ख्रिस्ती नाही, पण सेवा म्हणजे काय हे आमच्याकडे पुस्तकातून शिकावं लागत नाही. शेजारच्या अचलपूर तालुक्यात कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय आहे, शंभराहून जास्त वर्षांचं. कुष्ठरोगावर परिणामकारक औषध १९४०च्या दशकात आलं. त्याआधीची तिथली सेवा म्हणजे बरा न होणाऱ्या माणसाची जखम आज धुवायची आणि उद्या पुन्हा धुवायची. पायाला संवेदना नसल्यानं जखम झालेली रोग्याला कळत नाही, ती दुसऱ्यानं बघावी लागते. पाळकपणाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही: ज्याला स्वतःची जखम कळत नाही, त्याची जखम रोज बघणं. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात तेच केलं, वेगळ्या धर्मातून.

आणि आमचे गाडगेबाबा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. १९०५मध्ये त्यांनी घर सोडलं आणि महाराष्ट्र झाडून काढला. त्यांच्या कीर्तनांबद्दल, धर्मशाळांबद्दल, खराट्याबद्दल आपण भरपूर लिहिलं. पण मागे राहिलेल्या कुंताबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे नाही. त्यांनी घर कसं चालवलं, रागावल्या का, अभिमान वाटला का, हे त्यांच्या शब्दांत कुणी लिहून घेतलं नाही. टिळकांचं भाग्य असं की त्यांच्या घरातून एक साक्षीदार बोलली. त्यामुळे टिळक आपल्याला पुतळ्यासारखे दिसत नाहीत, माणसासारखे दिसतात. बहुतेक संत-महात्म्यांच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही, आणि त्यात नुकसान आपलं आहे.

म्हणून हे पुस्तक आजच्या वाचकानं वाचावं. आपल्या फोनवर रोज कुणीतरी प्रवचन देतं: पास्टर, बाबा, महाराज, मोटिव्हेशनल स्पीकर. आवाज चांगला, कॅमेरा चांगला, खाली हजारो हात जोडलेले इमोजी. या माणसांना मोजायला आपल्याकडे व्ह्यूजशिवाय माप नाही. ‘स्मृतिचित्रे’ एक माप देतं. या माणसाच्या घरच्यांना विचारा. त्याच्या दारात रात्री कोण येऊ शकतं आणि कोण नाही, ते विचारा. आलेल्यासाठी स्वयंपाक कोण करतं आणि त्या स्वयंपाक करणाऱ्याला कुणी विचारतं का, तेही विचारा.

टिळक या प्रश्नांना पूर्ण उतरत नाहीत. अर्धं उत्तर त्यांचं आहे, अर्धं लक्ष्मीबाईंचं. टिळकांच्या निधनानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करायला घेतलं तेही लक्ष्मीबाईंनीच, कधी शाळेत न गेलेल्या बाईनं. नवऱ्यानं अर्धवट टाकलेलं बाईनं पुरं करायचं, हे त्या घरात आधीपासून चालूच होतं. फरक एवढाच की या वेळी त्यावर तिचं नाव आलं.