फाईलच्या नावातली तारीख

अल स्वायगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’ हे पुस्तक २०१५ साली निघाले. आमच्यासमोर आहे ती २०१९ची दुसरी आवृत्ती. संगणकतज्ज्ञ व्हायचे नाही, पण तेच ते काम रोज करून जे कंटाळले आहेत, त्यांच्यासाठी ते लिहिलेले आहे. एक उदाहरण तर थेट आपल्या वर्गातले वाटावे : भूगोलाच्या शिक्षकाला ३५ विद्यार्थ्यांसाठी प्रश्नांचा क्रम बदललेल्या ३५ प्रश्नपत्रिका हव्या आहेत, आणि एक छोटी आज्ञावली त्या तयार करून देते. (राजधान्या अमेरिकेतील राज्यांच्या आहेत, त्या बदलून घ्याव्यात.)

फोल्डर तयार करणे, फाईली हलवणे हा भाग उत्तम उतरला आहे. फाईली पुसणारी आज्ञावली आधी नुसती नावे छापून दाखवील अशी चालवून पाहा, हा सल्ला प्रत्येक शाळेच्या संगणक-कक्षात लावून ठेवावा असा आहे.

आमचे मतभेद आहेत ते तारखांबाबत. फाईलच्या नावातली अमेरिकी तारीख (महिना आधी) युरोपीय पद्धतीची (दिवस आधी, म्हणजे आपल्यासारखी) करणारी आज्ञावली पुस्तकात आहे. आता ०५-०६-२०२५ हे नाव घ्या. आज्ञावली त्याचे ०६-०५-२०२५ करील. तीच चुकून पुन्हा चालवली तर? पुन्हा ०५-०६-२०२५! नुसत्या आकड्यांवरून तारीख कोणत्या पद्धतीची आहे हे संगणकाला कळणार कसे? शिवाय दिवस आधी लिहिल्याने नावांचा क्रमही बिघडतो. ५ जूनची फाईल ६ एप्रिलच्या आधी येते, कारण संगणक नाव डावीकडून तुलना करीत जातो. वर्ष-महिना-दिवस असे लिहिले, २०२५-०६-०५, तर दोन्ही अडचणी सुटतात. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगत आले आहे. पुस्तकाने इथे थांबून हे सांगायला हवे होते.

आठवणीचेही तसेच. ठरावीक दिवस उजाडेपर्यंत दर सेकंदाला घड्याळ पाहत बसणारी आज्ञावली दिली आहे. समजायला ती सोपी, पण संध्याकाळी संगणक बंद केला की तीही संपली. रोज ठरल्या वेळी आज्ञावली सुरू करण्याची सोय विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये असते. तिचा उल्लेख आहे, पण ओझरता. आमच्या मते शाळेला हवी ती एवढीच : तारखांची यादी, रोज एकदा वजाबाकी, आणि सात किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर सूचना. ‘बरोबर सात’ अशी अट मात्र घालू नये. तो सातवा दिवस रविवारी आला, तर बंद संगणकावर सूचना येणारच नाही, आणि सोमवारी उरतील सहा.