'सुरक्षा', 'पाळत' आणि 'पडताळा'

तारापूर अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली कार्यान्वित झाले. तेथील आण्विक इंधन शस्त्रनिर्मितीकडे वळत नाही, हे तपासण्याचा अधिकार १९७१च्या त्रिपक्षीय करारान्वये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेस मिळाला. या व्यवस्थेस मराठीत सर्रास 'सुरक्षा' म्हटले जाते. अपघातापासून बचाव, चोरीविरुद्ध बंदोबस्त आणि दिलेल्या वचनाची तपासणी या तीन भिन्न कल्पना त्यामुळे एकाच शब्दात कोंबल्या जातात.

'पाळत' हा दुसरा शब्दही अपुरा आहे. कोणी पाहत आहे एवढेच त्यातून कळते. पाहिलेले खरे कशावरून मानावे, हे कळत नाही. उपकरणाची रचना तर याच प्रश्नाभोवती उभी आहे. पूर्वी फिल्मचे कॅमेरे मोहोरबंद पेटीत ठेवीत. डिजिटल कॅमेऱ्यात प्रतिमा टिपली जाताच तिच्यावर सांकेतिक स्वाक्षरी उमटते. त्यामुळे विद्युत्पुरवठा वा साठवण यांचे सुटे घटक बदलले, तरी आधीच्या साक्षीस बाध येत नाही. विश्वास मोहोरबंद गाभ्यात टिकतो.

'पाळत' आणि 'वचन पाळणे' यांचे मूळ एकच असले, तरी आज पहिल्यात संशय आहे, दुसऱ्यात निष्ठा. या दोहोंना सांधणारा 'पडताळा' हाच शब्द येथे यथार्थ ठरतो. 'सुरक्षा-कॅमेरे बसविले' असे ऐकून तारापूर परिसरातील नागरिक किरणोत्सर्गाविषयी निश्चिंत होईल. वस्तुतः ते आश्वासन कॅमेरा देतच नाही. अशा ठिकाणी परिभाषेची शिथिलता हा केवळ शैलीचा दोष राहत नाही.