इंग्रजी वाक्यातील शब्दयोगी पदबंध : अध्यापनपद्धतीची चिकित्सा

इंग्रजीतील ‘प्रिपोझिशन’ नामापूर्वी येते, तर मराठीतील शब्दयोगी अव्यय नामानंतर. हा भेद सांगून ‘ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये’ अशी यादी पाठ करून घेण्याची पद्धत रूढ आहे. ती अपुरी आहे. कारण खरी अडचण अव्ययाच्या अर्थात नसून संपूर्ण पदबंध वाक्यात कशाशी निगडित आहे, यात आहे.

‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ या वाक्यात ‘ऑन द टेबल’ हा पदबंध क्रियापदाशी निगडित आहे; ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’ यात तो नामाचे विशेषण होतो. इंग्रजीत रूप एकच राहते. मराठी मात्र ‘टेबलावर ठेवले’ आणि ‘टेबलावरील पुस्तक’ असा रूपभेद करते. ‘ही सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे वाक्य म्हणूनच द्व्यर्थी ठरते. मराठीत ‘दुर्बिणीतून पाहिले’ की ‘दुर्बीण असलेल्या माणसाला पाहिले’, हे ठरवावेच लागते.

क्वर्क व सहलेखकांच्या १९८५ च्या व्याकरणग्रंथात ही कार्ये स्वतंत्रपणे मांडलेली आहेत. अध्यापनात मात्र यादीलाच प्राधान्य मिळते. परिणामी विद्यार्थ्याला शब्द कळतात, वाक्य कळत नाही. मातृभाषेतील ‘वर’ व ‘वरील’ हा भेद येथे अडथळा नसून आकलनाचे साधन आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे ठरते.