‘वस्ती’ : नाताळच्या एका शब्दाचा मागोवा

येशूच्या जन्माची कथा चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे. मत्तयाकडे तारा आणि पूर्वेकडचे मागी लोक आहेत. लूककडे गव्हाणी आणि मेंढपाळ. मार्क जन्माविषयी काहीच बोलत नाही. योहानही जन्माचे वर्णन करत नाही. तरीही नाताळचा अर्थ काय, हे सर्वांत थोडक्यात सांगितले ते योहानानेच, पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात. प्रचलित मराठी बायबलात हे वचन ‘देही’ आणि ‘वस्ती’ या दोन शब्दांवर उभे आहे. पैकी पहिला शब्द मला अपुरा वाटतो आणि दुसरा फार मोलाचा.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘सार्क्स’. त्याचा अर्थ मांस. भूक लागणारे, थकणारे, मरणारे मांस. मराठी वाचकाच्या कानात ‘देही’ मात्र गीतेतून आलेला असतो. तिथे देही म्हणजे देहात राहणारा आत्मा. जुनी वस्त्रे टाकावीत तशी शरीरे टाकून पुढे जाणारा. योहानाला याच्या नेमके उलट सांगायचे आहे. ख्रिस्ताचे शरीर हा केवळ भास होता, असे मानणारे लोक आरंभीच्या काळातच निघाले होते. योहानाच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात त्यांना स्पष्ट विरोध आहे. म्हणजे ‘देही’ या शब्दातून मराठी वाचकाच्या मनात शिरू शकतो तो तोच अर्थ, जो मूळ लेखकाला खोडायचा होता. संस्कृतचा आधार घेतला की शब्द भारदस्त होतो, पण कधीकधी त्याच्यामागे एक आख्खे दर्शन चालत येते.

‘वस्ती’चे तसे नाही. ग्रीक क्रियापद ‘स्केने’ म्हणजे तंबू या शब्दावरून आले आहे. तंबू ठोकून राहिला, असा त्याचा शब्दशः अर्थ. यहुदी वाचकाला त्यात निर्गमाचे पुस्तक ऐकू येई. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांबरोबर देवाचा निवासमंडपही चाले. लोक थांबले की तो उभारायचा, निघाले की उतरवायचा. त्या पुस्तकाच्या शेवटी मंडप देवाच्या तेजाने असा भरतो की मोशेलाही आत जाता येत नाही. योहान तोच मंडप आठवतो आणि लगेच म्हणतो की ते तेज आम्ही पाहिले. मोशे जिथे दाराशी थांबला, तिथे आता कोळी आणि जकातदार आत आहेत.

मराठीत तंबूचा हा धागा सुटला, हे खरे. पण दुसरे शब्द घेऊन पाहावेत. ‘तंबू ठोकला’ म्हटले की पाहुणा हलायला तयार नाही असे वाटते. ‘डेरा’ म्हटले की फौज किंवा बैरागी दिसतो. ‘पाल’ हा शब्द सर्वांत जवळचा. पण तो ऐकताच डोळ्यांपुढे फक्त भटकी माणसे येतात, आणि योहानाला ‘आमच्यामध्ये’ म्हणताना सगळेच हवे आहेत. ‘वस्ती’त दोन्ही अर्थ राहतात. वस्तीला राहणे म्हणजे रात्रीचा मुक्काम, आणि वाडीवस्ती म्हणजे माणसांचे कायमचे ठिकाण. शिवाय दलितवस्ती, वस्तीशाळा या शब्दांनी तिला गावकुसाबाहेरचा पत्ताही दिला आहे. अनुवादकांच्या मनात हे सारे नसेलही. शब्द पुढे आपल्या बळावर वाढतात.

हाच निकष लूकला लावला की आणखी एक गोष्ट उलगडते. मराठी बायबलात मरिया आणि योसेफ यांना जागा मिळत नाही ती ‘उतारशाळे’त. त्यावरून निर्दय धर्मशाळावाल्याची गोष्ट नाताळच्या नाटकांतून रूढ झाली. लूकच्या मजकुरात असा माणूसच नाही. त्याचा शब्द आहे ‘कतालुमा’. तोच शब्द तो बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या खऱ्या धर्मशाळेसाठी त्याच्याकडे ‘पान्दोखेइओन’ असा वेगळा शब्द आहे. म्हणून काही अभ्यासक ‘कतालुमा’ म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असे मानतात. त्या भागातल्या साध्या घरांत रात्री जनावरे आतच एका बाजूला बांधत. गव्हाणही तिथेच असे. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांतही माणसे आणि गुरे एकाच छपराखाली होती, त्यामुळे हे चित्र मराठी वाचकाला परके वाटू नये.

हा अर्थ मला पटतो. तो घेतला तर देवाला कोणी हाकलले नाही. घरात गर्दी होती, म्हणून बाळाला होती ती जागा मिळाली. कथेतली गरिबी तशीच राहते, एकटेपणा मात्र जातो. जगाने नाकारलेल्या देवाची कीव करणे सोपे असते. आधीच भरलेल्या घरात तो राहायला आला आहे, असे मानले तर प्रश्न आपल्याकडे वळतो : सरकून बसायचे कोणी?

नाताळचा ख्रिस्ती दावा या प्रश्नात आहे. देव वरून पाहतो किंवा संकटात धावून येतो, असे अनेक धर्म सांगतात. हा दावा त्याला शेजारी करतो. त्याच गल्लीत, त्याच पाण्यावर. तो मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो नीट ऐकायचा असेल, तर मराठीत त्यासाठी ‘वस्ती’हून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.