पारोच्या दगडापाशी

व्यक्तिचित्र लिहिणारा पुष्कळदा माणसाच्या विक्षिप्तपणावर भाळतो आणि त्याचे डोके कसे चालत होते हे शोधायचे राहून जाते. मेजर रॉबर्ट गिलवर मराठीत जे काही आमच्या वाचनात आले, त्यात हे वारंवार जाणवले.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला धाडले. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहिला. पारो नावाच्या इथल्याच स्त्रीवर त्याचा जीव जडला. १८५६ साली ती वारली; कबरीवरच्या दगडावर गिलने तिला 'माझी लाडकी' म्हटले आहे. या प्रीतीवर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, २०१२ साली चित्रपटही आला. महानोर जवळच्या पळसखेड्याचे, इथली माती त्यांच्या अंगात होती. शिवाय कवीला कल्पनेचा हक्क आहेच. तक्रार गद्य लेखकांबद्दल आहे. त्यांनी काव्यातली प्रीती तशीच उचलली. वाघांची शिकार करणारा हा शिपाई वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत बसून बोधिसत्त्वाच्या पापण्या का रंगवत राहिला? १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याची बहुतेक चित्रे जळाली, त्यानंतरही तो सुमारे १२ वर्षे जगला. ती १२ वर्षे या लेखांत दोन ओळींत उरकली जातात. आणि पारो? ती फक्त सुंदर असते. तिला राग येत नाही, तिचे स्वतःचे मत नसते, चित्रांकडे ती कधी पाहतसुद्धा नाही.

आमची खरी खंत वेगळीच आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या, तेव्हा नंदलाल बोस यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि फजलुद्दीन हेही चित्रकार होते. सय्यद अहमद पुढे लेण्यांचे क्युरेटर झाले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर ग्रंथ काढले. बोस यांच्यावर किती लिहिले गेले! सय्यद अहमद मात्र आपल्याला यादीतल्या नावापुरतेच माहीत. जातककथेतला हत्ती रंगवताना हा माणूस काय विचार करीत होता, घरी परतल्यावर दखनीत काय सांगत होता, हे आपण मुस्लिम मराठी लेखकांनी तरी विचारायला नको होते का? हेरिंगहॅमबाईंचा तळ फर्दापूरला होता. जुनी सराय तिथे आहे, वस्ती आहे, म्हातारी माणसे आहेत. वही घेऊन तिथूनच सुरुवात करता येईल.