न्यूयॉर्कच्या टॅक्स्या आणि मोखाड्यातली वजनं

डेटाबेसवरच्या परिषदांमध्ये नमुन्याचा डेटा म्हणून एक गोष्ट हमखास भेटते: न्यूयॉर्कच्या टॅक्स्यांच्या फेऱ्या. वक्ता लॅपटॉप जोडतो, कोट्यवधी ओळींची फाइल डकडीबी या डेटाबेस-साधनाला देतो, चार ओळींची क्वेरी लिहितो आणि सेकंद-दोन सेकंदांत कुठल्या तासाला सरासरी भाडं किती ते पडद्यावर येतं. टाळ्या पडतात. त्या फुकटच्या नसतात. अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून 2019मध्ये पुढे आलेलं हे साधन सर्व्हरशिवाय, साध्या यंत्रावर चालतं. ज्या कामासाठी पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रणा उभारावी लागली असती, ते आता पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या एखाद्या कचेरीतल्या संगणकावरही होईल.

माझी तक्रार टॅक्स्यांबद्दल आहे. टॅक्सीचा मीटर आपली ओळ बहुतांशी आपणच लिहितो. मोखाड्यातल्या पाड्यावर बाळाचं वजन अंगणवाडी सेविका काट्यावर बघते, वहीत उतरवते, मग रेंज मिळेल तिथे जाऊन मोबाइलमध्ये भरते. सादरीकरणाची ही कला दुसऱ्या जातीच्या ओळीकडे जवळजवळ बघतच नाही.

1996च्या सप्टेंबरात व्हीएलडीबी ही डेटाबेस संशोधनातली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. तिथल्या एका निबंधाचा विषय होता अनेक अंगांनी एकाच वेळी बेरजा कशा काढायच्या. लेखकांत सुनीता सरावगी होत्या, ज्या पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाल्या. तालुका, महिना, वयोगट अशा हरेक जोडणीची बेरीज मांडणारा मासिक प्रगती अहवाल ज्याने पाहिलाय, त्याला हा प्रश्न किती जमिनीवरचा आहे ते कळेल. पुढे पुण्यात जीनुनिफाय, इंडिकथ्रेड्स यांसारखी प्रोग्रामर मंडळींची व्यासपीठं उभी राहिली. तिथे सिद्धांतापेक्षा प्रात्यक्षिकाला मान. श्रोते वाढले, भाषा सैल झाली, हे चांगलंच. पण प्रात्यक्षिकाला स्वच्छ डेटा लागतो, आणि स्वच्छ डेटाच्या नादात अर्धा विषय मंचाखाली राहिला.

हा अर्धा विषय जव्हार-मोखाड्यात पावलोपावली भेटतो. 1992-93मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग राज्याच्या नकाशावर आला, आणि तेव्हापासून इथे वजनांची नोंद हा शासनाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मार्च 2021मध्ये या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे अॅप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. अॅप इंग्रजीत, फोन निकृष्ट, ही त्यांची तक्रार. डेटाबेसच्या परिभाषेत ती नोंदीच्या दर्जाबद्दलचीच तक्रार होती, फक्त ती मोर्च्यातून आली म्हणून कुणाच्या स्लाइडवर गेली नाही.

आता क्वेरीकडे येऊ. दिवाळीनंतर इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरं बरोबर जातात, वजनाचा रकाना रिकामा राहतो. एसक्यूएलमधलं सरासरीचं फंक्शन रिकामे रकाने गुपचूप वगळतं. सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषणाची टक्केवारीसुद्धा मोजमाप झालेल्या मुलांतूनच निघते. ज्यांची परिस्थिती सर्वांत बिकट तीच घरं बाहेर गेली असतील, तर जानेवारीत तालुका सुधारलेला दिसेल. क्वेरीत व्याकरणाची एकही चूक नसेल.

याहून घातक उदाहरण आहे. ‘या महिन्यात कुणाचं वजन झालं नाही?’ असा प्रश्न नवशिका ‘नॉट इन’ वापरून लिहितो. वजनांच्या तक्त्यात मुलाचा क्रमांक एका जागी जरी कोरा राहिला, तरी उत्तरात शून्य ओळी येतात. साहेब वाचतात: एकही बालक शिल्लक नाही. कोऱ्या जागेला शून्य न मानता अज्ञात मानायचं, या रिलेशनल डेटाबेसचे जनक कॉड यांच्या भूमिकेतून आलेलं हे वर्तन पाठ्यपुस्तकात आहे. परिषदेत मात्र ते मुलाखतीतला गमतीदार प्रश्न म्हणून येतं.

आणि 1 ऑगस्ट 2014चं काय? त्या दिवशी ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. 2011च्या जनगणनेत जव्हार-मोखाडा ठाण्यात, नंतरच्या तक्त्यांत पालघरमध्ये. जिल्ह्याच्या नावाने जोडणी केली की दोन्ही तालुके निमूटपणे गळतात. पाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी: जनगणना महसुली गावाला क्रमांक देते, पाड्याला नाही. अंगणवाडी मात्र पाड्यावर भरते.

सध्या मंच गाजवताहेत ती साध्या भाषेतल्या प्रश्नाची क्वेरी करून देणारी साधनं. 2018च्या ‘स्पायडर’ चाचणीत 200 डेटाबेस होते. 2023च्या ‘बर्ड’ने 95 डेटाबेसांत मुद्दाम प्रत्यक्ष वापरातल्या मळकट नोंदी ठेवल्या. तेव्हा जीपीटी-4 सुमारे 55 टक्क्यांवर अडकलं, माणसं 93च्या आसपास. आकडा पुढे बराच चढला. ही दिशा मला पसंत आहे. मळ परीक्षेत आणला, हेच मोठं काम. पण अपेक्षित उत्तर आधीच ठरलेलं असतं. तक्त्यात जी ओळ आलीच नाही तिच्याबद्दल परीक्षकही काही विचारत नाही.

माझ्या मते या सगळ्यांत जास्त प्रामाणिक काम कमी गाजलेलं आहे: आयआयटी मुंबईत एस. सुदर्शन यांच्या गटाचं एक्सडेटा. बरोबर आणि चुकलेली क्वेरी यांची उत्तरं वेगळी पडतील असा छोटा डेटा ते आपणहून तयार करतं. साधी जोडणी लिहिली आणि जोडीदार नसलेली ओळ गळली, ही चूक अशा डेटावर उघडी पडते. विद्यार्थ्यांच्या क्वेऱ्या तपासायला ते वापरलं गेलं. मासिक अहवालामागच्या क्वेऱ्या त्यातून काढायला काय हरकत आहे?

नव्या साधनाचं प्रात्यक्षिक पाहताना मी आता उत्तराच्या शेजारी दुसरा आकडा शोधतो: किती ओळी वगळल्या. अनेकदा तो इंजिनापाशी असतो. पोस्टग्रेसला ‘एक्स्प्लेन अॅनलाइझ’ म्हटलं की अटीत न बसलेल्या किती ओळी गाळल्या ते छापून येतं. वक्ते ती ओळ दाखवतातही, क्वेरी हळू का चालली ते समजावण्यासाठी.