भिंतीवरील मजकूर आणि त्याचा वाचक : भिलार व रिद्धपूर

ओस पडत चाललेल्या गावाच्या भिंती रंगवाव्यात, त्या पाहावयास प्रवासी यावेत आणि त्यांच्यामागून गावात पैसा यावा, ही कल्पना अलीकडे बरीच रूढ झाली आहे. महाराष्ट्रातील तिचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील भिलार. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ४ मे २०१७ रोजी हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घरे, देवळे व शाळा मिळून सुमारे पंचवीस ठिकाणी पुस्तके ठेवण्यात आली आणि चित्रकारांनी तेथील भिंतींवर त्या त्या वाङ्मयप्रकारास साजेशी चित्रे काढली. वेल्समधील हे-ऑन-वाय हे ग्रामनगर यामागील प्रेरणा. मात्र तेथे पुस्तके विकली जातात, भिलारमध्ये ती वाचावयास ठेवलेली असतात.

या प्रयोगाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. भिलार हे मरू घातलेले गाव नव्हते. त्याला स्ट्रॉबेरीचा आधार होता आणि पाचगणी-महाबळेश्वरचा प्रवासी त्याच्या उंबरठ्यावरून जात होता. भिंतीवरील चित्र हेही एक विधान असते व विधानाला श्रोता लागतो. भिलारला तो आयता मिळाला.

हेच अनुकरण मोर्शी तालुक्यात करावयाचे झाल्यास प्रश्न निराळा होतो. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल वर्षानुवर्षे खोल जात राहिले; कोळशीसारख्या रोगांनी बागा पोखरल्या. शिकलेला मुलगा अमरावती, नागपूर किंवा पुण्याची वाट धरतो. रंगवलेल्या भिंतीने आटलेली विहीर भरत नाही, हे येथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. पाहुण्यांचा त्रास तर वेगळाच. दक्षिण कोरियात सोल शहराच्या इह्वा वस्तीतील रंगीत पायऱ्या पाहणाऱ्यांची गर्दी व गोंगाट असह्य झाल्याने २०१६ मध्ये रहिवाशांनीच ती चित्रे पुसून टाकली.

तथापि मोर्शी तालुक्यातच असे एक गाव आहे की ज्याला वाचक नव्याने शोधावा लागत नाही. ते रिद्धपूर. गोविंदप्रभूंचे वास्तव्य, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, महदंबेचे ‘धवळे’ ही सारी या गावाशी निगडित आहेत. मराठी भाषा विद्यापीठासाठी हेच गाव निवडले गेले, तेही याचमुळे. महानुभावांनी लीळांची स्थळे ‘स्थानपोथी’त नोंदविली आणि त्या स्थळांवर ओटे बांधले. यात्रेकरू ओट्यापुढे वाकतो तेव्हा तो एक प्रकारे गाव वाचत असतो. येथे चित्राची उणीव नाही; उलट भिंतीवर कोठलाही सर्वसाधारण मोर, बैलगाडी वा ‘सुंदर गाव’ असा मजकूर आला तर तो या जुन्या वाचनावर पडदा टाकील. गंमत अशी की, ज्या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लपवून ठेवले, त्याच पंथाचे गाव आता बाहेरच्यांपुढे उघडे करावयाचे आहे. हे कितपत उघडे करावे, याचा निर्णय त्यांच्या महंतांविना व गावकऱ्यांविना होणे उचित नव्हे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. भिंतींवर जो मराठी मजकूर येतो तो बहुधा पुण्यामुंबईच्या प्रमाण वळणाचा असतो. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘येऊन राह्यला’ म्हणणाऱ्या गावात तो परकाच दिसतो. वऱ्हाडी अशुद्ध, ही शाळेने रुजविलेली भावना भिंतीमुळे अधिकच पक्की होईल. आपल्याच दारावर आपल्या बोलीला जागा नाही, असे ज्या मुलाला दिसते त्याला गाव सोडण्यासाठी आणखी एक निमित्त मिळते.

म्हणून असा उपक्रम हाती घ्यावयाचा झाल्यास रंगाच्या आधी टिपणवही हवी. ओटे, पांदणी, शेतांचे तुकडे, विहिरी यांची नावे व त्यांच्याभोवतीच्या आठवणी वृद्धांच्या तोंडून जशा निघतील तशा उतरवून घ्याव्या लागतील. कोणी ‘विहीर’ न म्हणता ‘इहीर’ म्हणाले, तर ‘इहीर’च.